प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव

'फुकट' या शब्दाची आपल्याकडे फार बदनामी आहे. फुकटचा सल्ला, फुकट फौजदार, फुकटे कुठले! मेहनत वाया गेली तरी आपण 'सगळं फुकट गेलं' म्हणतो. ज्याला पैसे पडत नाहीत ते आणि जे वाया जातं ते, दोन्हींसाठी मराठीत एकच शब्द. म्हणून मग जरा बऱ्या गोष्टींसाठी वेगळे शब्द शोधावे लागतात. डोळे तपासायचं शिबिर 'मोफत' असतं. गाण्याचा कार्यक्रम 'विनामूल्य' असतो. आणि विनामूल्यच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ ठरलेली असते : काही जागा राखीव.

मी डोंबिवलीत वाढले, त्यामुळे ही ओळ वाचता येऊ लागल्यापासून वाचतेय. पुढच्या दोन रांगांतल्या खुर्च्यांवर कागद चिकटवलेले असतात. कार्यक्रम अर्धा संपला तरी त्यातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या, आणि मागे भिंतीला टेकून माणसं उभी. माझी आई तर राखीव रांगांच्या मागच्याही तीन-चार रांगा सोडून बसते. तिथे कागद नसतो, कुणी उठवणारही नसतं. "असू दे गं, इथून दिसतंय," म्हणते. बऱ्याच जागा आईने स्वतःच स्वतःसाठी 'राखीव' ठरवून टाकल्या आहेत, हे मला फार उशिरा कळलं. कळलं ते मुंबईत, क्रॉस मैदानावर, काळा घोडा महोत्सवातल्या एका संध्याकाळी.

*

काळा घोडा महोत्सव तुमच्यापैकी अनेकांना रील्समधून माहीत असेल. मोठमोठ्या रंगीत कलाकृती आणि त्यांच्यासमोर फोटोसाठी रांगा. १९९९ पासून दक्षिण मुंबईत दर वर्षी जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला हा नऊ दिवसांचा उत्सव भरतो. नाटक, सिनेमा, पुस्तकं, नाच, गाणं, आणि कशालाच तिकीट नाही. या भागातल्या जुन्या वास्तूंची देखभाल व्हावी म्हणून १९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशन ही संस्था निघाली, ती हा उत्सव भरवते.

नावातला घोडा खरा होता. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा तिथल्या चौकात उभा होता, तो १९६५ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवला. घोडा गेला तरी नाव राहिलं. २०१७ मध्ये तिथे नवा काळा घोडा बसवला, त्याच्या पाठीवर मात्र कुणी नाही. मला हे फार आवडतं. घोडा परत आणला, राजा नाही आणला.

मी गेले त्या वर्षी गाण्याचं मोठं स्टेज क्रॉस मैदानावर होतं. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज ही चारही मैदानं म्हणजे एकेकाळच्या एकाच मोठ्या माळाचे तुकडे. मुंबईच्या किल्ल्यासमोर तोफांचा मारा नीट करता यावा म्हणून इंग्रजांनी हा पट्टा मोकळा ठेवला होता. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात किल्ल्याच्या भिंती पाडल्या, पण मोकळ्या जागेचे हे तुकडे उरले. जगातल्या महागड्या जमिनींपैकी एक असलेल्या या भागात आज आपण फुकट गाणं ऐकू शकतो, कारण कधीकाळी तिथून तोफा डागायच्या होत्या.

*

आता आईबद्दल.

आईने बावीस वर्षं पाळणाघर चालवलं. आमच्या दोन खोल्यांच्या घरातली बाहेरची खोली म्हणजे पाळणाघर. सातच्या आसपासच्या लोकल पकडणाऱ्या आया साडेसहापासून पोरं आणून सोडायच्या आणि संध्याकाळी गाडी लेट झाली की साडेआठला न्यायला यायच्या. एका वेळी दहा-बारा पोरं. ओट्यावरच्या फळीवर रेडिओ. सकाळी आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी, दुपारी विविध भारती. रेडिओ बंद झालेला मला आठवत नाही. आई म्हणायची, आवाज चालू असला की पोरं कमी रडतात. हे तिच्यासाठीही खरं असावं.

आईला शेकडो गाणी येतात. भावगीतं, नाट्यगीतं, अभंग, जुनी हिंदी. पण बहुतेक अर्धीच येतात. धृपद पक्कं, पहिलं कडवं पक्कं. दुसऱ्या कडव्याला कुणीतरी पडलेलं असायचं, कुणी कुणाला चावलेलं असायचं, कुणाची चड्डी ओली झालेली असायची. ती निस्तरून ओट्याशी येईपर्यंत रेडिओवर दुसरंच गाणं सुरू असायचं. त्यामुळे आईच्या डोक्यात एका गाण्याची सुरुवात दुसऱ्या गाण्याच्या शेवटाला जोडलेली आहे. ती गुणगुणते तेही तसंच. बाबा तिची थट्टा करतात. मी सॉफ्टवेअरवाली, मला ते न सुटलेल्या मर्ज कॉन्फ्लिक्टसारखं वाटतं. दोघांच्या फाइली एकत्र केल्या आणि कुठली ओळ कुणाची हे ठरवायचंच राहून गेलं.

२०२० मध्ये लॉकडाउन लागला, आया घरूनच काम करायला लागल्या आणि पाळणाघर बंद झालं. ते पुन्हा सुरू झालं नाही. दहा-बारा पोरांच्या आवाजाची सवय असलेल्या घरात एकदम शांतता झाली. आता आईकडे वेळ होता. हातात फोन होता आणि फोनवर जगातलं प्रत्येक गाणं होतं. मी तिला माझ्या ॲपवर एक प्लेलिस्ट करून दिली, सगळी गाणी पूर्ण लांबीची. ती लावायची आणि भाजी निवडायला बसायची. थोड्या वेळाने मध्येच उठून गॅलरीतले कपडे काढायला जायची. रडणारं कुणी नव्हतं, तरी दुसऱ्या कडव्याला उठायची सवय अंगात राहिली होती.

मी तरी वेगळं काय करते म्हणा. स्पॉटिफायवर एखादं गाणं तीस सेकंद ऐकलं की एक प्ले मोजला जातो. माझ्या ऐकण्यातला मोठा भाग त्या तीस सेकंदांच्या आसपासच असेल. नाही आवडलं, पुढचं. आवडलं तरी पुढचं, कारण पुढचं कदाचित अजून आवडेल. आईची गाणी पोरांनी तोडली, माझी मीच तोडते.

*

पहिला चांगला पगार सुरू झाला तेव्हा आईच्या वाढदिवसाला मी तिला एका मोठ्या सभागृहातल्या मैफलीला नेलं होतं. एसी, मऊ खुर्च्या, प्रत्येकी बाराशेचं तिकीट. मी किंमत सांगितली नव्हती, पण तिकिटावर छापलेली होती. मध्यंतरात आई म्हणाली, "म्हणजे दोघींचे चोवीसशे. अगं, एका पोराचे महिन्याचे एवढे घ्यायचे मी."

मध्यंतरानंतर ती ताठ बसली होती. खुर्चीला टेकलीच नाही. प्रत्येक गाण्याला टाळ्या सगळ्यांत जोरात तिच्या. मी अधूनमधून तिच्याकडे बघत होते आणि मी बघतेय हे तिला कळत होतं. एक पूर्ण महिना, सकाळी साडेसहा ते रात्री साडेआठ, एका पोराचं हगणं-मुतणं, त्याचा वरणभात, त्याचा ताप, हे सगळं त्या तीन तासांत वसूल व्हायला हवं होतं. वर लेकीला बरं वाटेल असं वसूल व्हायला हवं होतं. एवढं ओझं घेऊन कुणाला गाणं ऐकू येणार!

तिकीट नसलेल्या कार्यक्रमाबद्दल आपण नेहमी म्हणतो की परवडत नाही त्यांनाही येता येतं. ते खरंच आहे. पण आम्हाला परवडत होतं. आईला जे परवडत नव्हतं ते वेगळंच होतं. आपल्यावर एवढा खर्च झाला आणि तो सार्थकी लागलाय हे चेहऱ्यावर दाखवत बसायचं, हे तिला परवडत नव्हतं.

*

त्यामुळे काळा घोड्याला जाऊ या म्हटल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "पैसे पडत नाहीत ना?" पुढचे प्रश्न असे, याच क्रमाने : परत यायला गाडी कितीची? बसायला आहे का? बाथरूम आहे का? आणि हे सगळं झाल्यावर, "कार्यक्रम कसला आहे?"

मुलांच्या ग्रुपमध्ये कुठे जायचं ठरतं तेव्हा हा तिसरा प्रश्न येत नाही. आईच्या वयाच्या बाईसाठी विनामूल्य कार्यक्रमाचं खरं मूल्य तिथे असतं. दुपारी तीननंतर पाणी प्यायचं नाही, असा तिचा बेत मला नंतर कळला. मी तिला सांगितलं की स्टेशनवर पैसे देऊन वापरायचं आहे आणि मैदानाच्या कडेलाही सोय असते. तेव्हा कुठे ती हो म्हणाली. बाबा आले नाहीत. त्यांना गर्दी नको वाटते, आणि शनिवारी मॅच होती. रविवारी जायचा प्रश्नच नव्हता, मेगाब्लॉक.

फास्ट लोकलने सव्वा तास. सीएसएमटीला उतरून आधी काळा घोड्याला गेलो. तिथल्या स्टॉलवर एका कापडी पिशवीची किंमत बघून आईने ती उलटसुलट केली, शिवण तपासली आणि जपून जागेवर ठेवली. जहांगीर आर्ट गॅलरीसमोर बंद पडलेलं ऱ्हिदम हाउस होतं. कॅसेट, सीडी, रेकॉर्डचं हे मुंबईतलं नावाजलेलं दुकान २०१६ मध्ये बंद झालं. आत काचेच्या छोट्या खोल्या असायच्या, विकत घ्यायच्या आधी तिथे उभं राहून ऐकता यायचं. मी आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "ऐकून न घेता गेलं तर चालायचं का?" चालायचं असणार. पण आईने न घेता ऐकलं नसतंच.

तिथून हुतात्मा चौकावरून क्रॉस मैदानापर्यंत चालत गेलो. माझी दहा-बारा मिनिटं, आईच्या गुडघ्यांची वीस.

*

गेटवर बॅगा तपासल्या आणि आत सोडलं. कुणी नाव विचारलं नाही, मोबाइलवर कोड मागितला नाही, हाताला पट्टी बांधली नाही. माझ्या पिढीला याचं जास्त नवल वाटेल. मध्यंतरी एका परदेशी बँडच्या तिकिटांसाठी मी ऑनलाइन रांगेत होते आणि माझा नंबर लाखांत होता. इथे रांगेत माझ्यापुढे चौदा माणसं होती, आणि ती मला दिसत होती.

तिकीट नसलं की गर्दी निवडलेली नसते. आमच्या फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे हजारो लोक जमतात, तेही फुकटच असतं. पण ती गर्दी थोडी आरशासारखी असते. सगळे नटलेले, निम्मे ओळखीचे, उरलेले ओळखीच्यांचे ओळखीचे. इथे आमच्या पुढे कॉलेजची पोरं होती. शेजारी भुलेश्वरहून आलेल्या एक गुजराती काकू सुनेबरोबर आल्या होत्या. मागे गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच असलेला एक माणूस एकटाच उभा होता. ड्युटीवरच्या दोन महिला पोलीस होत्या, त्यांतली एक पायाने ठेका धरत होती. कुंपणापलीकडे फॅशन स्ट्रीट. तिथले विक्रेते माल सोडून आत येऊ शकत नव्हते, पण आवाज त्यांच्यापर्यंत जातच होता.

आवाजाबद्दल थोडं सांगते, कारण माझ्या कामाशी त्याचा संबंध आहे. मी पेमेंटच्या सिस्टीमवर काम करते. कुणी बटण दाबल्यापासून 'यशस्वी' दिसेपर्यंतचा वेळ मिलिसेकंदांत मोजायचा आणि कमी करायचा, हे माझं रोजचं काम. मोठ्या मैदानात याच्या उलटं करावं लागतं. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. वायरीतून सिग्नल मात्र जवळजवळ लगेच पोहोचतो. म्हणून मागच्या लोकांसाठी स्टेजपासून ३४ मीटरवर दुसरे स्पीकर उभे केले, तर त्यांचा आवाज मुद्दाम १०० मिलिसेकंद उशिरा सोडतात. नाहीतर जवळच्या स्पीकरचा आवाज आधी येतो, स्टेजवरचा नंतर, आणि प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. मागच्या माणसालाही गाणं एकच ऐकू यावं म्हणून कुणीतरी मुद्दाम थांबतं. फॅशन स्ट्रीटवर कुणी दीड-पावणेदोनशे मीटरवर उभं असेल तर त्याला तेच गाणं अर्धा सेकंद उशिरा मिळतं. कुंपण माणसांना अडवतं, आवाज फक्त अर्धा सेकंद मागे पडतो.

*

पहिला बँड होता पोरांचा. गिटार, बेस, ड्रम, आणि सगळं जोरात. मला वाटलं, आई कंटाळणार. तिने एका कानावर पदर घेतला आणि ड्रमवाल्याकडे बघत राहिली. "बघ ना, किती घाम आलाय त्याला," म्हणाली. दोन गाण्यांनंतर म्हणाली, "चल, चहा पिऊन येऊ." आम्ही बाहेर गेलो, चहा घेतला, ती बाथरूमला जाऊन आली, आम्ही परत आत आलो. कुणी काही विचारलं नाही. सभागृहात ती बाराशेच्या खुर्चीवरून तीन तास हलली नव्हती. आवडत नसेल तर उठून जाता येतं, ही सोय मिळाल्यावर ती बराच वेळ बसू शकली.

परत आलो तेव्हा मधल्या रांगेत दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. आईने सवयीने मागे बघितलं, उभं राहायला जागा आहे का म्हणून. भुलेश्वरच्या काकूंनी खुर्चीवर हात आपटला, "बेसो ने, कोण येणार आहे आता!" आई बसली.

शेवटी आले ते माळव्यातले निर्गुणी भजनं गाणारे. पाच जण. तंबोरा, करताल, ढोलक, हार्मोनियम, व्हायोलिन. माळव्यात गावोगावी रात्ररात्र कबीर गाणारी मंडळी आहेत, ही त्यांतलीच. कपडे साधे, बोलणं थोडं. मुख्य गाणाऱ्याने दोन भजनांनंतर तिसरं सुरू केलं आणि आई पुढे सरकून बसली.

हे भजन तिला येत होतं. म्हणजे अर्धं येत होतं. कुमार गंधर्वांच्या आवाजात ते सकाळी रेडिओवर लागायचं, आणि तेव्हा पोरं यायची वेळ असायची. कुमारजी क्षयातून उठले ते माळव्यातच, देवासला. तिथल्या लोकांच्या आणि फिरत्या साधूंच्या तोंडून त्यांनी ही भजनं ऐकली आणि आपल्या तऱ्हेने गायली. ज्या मातीतून ते रेडिओपर्यंत आलं होतं, त्याच मातीतले लोक आता समोर गात होते. चाल ओळखीची वाटायची आणि मध्येच वेगळ्या वाटेने जायची. आई पहिल्या कडव्याला ओठ हलवत होती. दुसऱ्या कडव्याला ओठ थांबले. मी सवयीने वाट बघत होते, आता ती काहीतरी बोलेल, उठेल, पिशवीत काहीतरी शोधेल. ती बसून राहिली.

ते लोक घाईत नव्हते. एक ओळ चार वेळा, मग मध्ये थांबून तिच्यावर दोन वाक्यं, मग पुन्हा तीच ओळ. भजन वीसेक मिनिटं चाललं असेल. मी फोन काढला नाही, हे काही मोठं कौतुक नाही. आईचा हात माझ्या मनगटावर होता आणि तो हलवावासा वाटला नाही, एवढंच. शेवटच्या कडव्यात कबीराचं नाव आलं. आपल्या अभंगात जसं शेवटी तुकोबांचं किंवा नामदेवांचं येतं, तसं.

"अगंबाई, हे कबीराचं आहे?" आई म्हणाली. "मी आपली कुमारांचंच समजत होते."

कवीचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. तीस वर्षं ती त्या कडव्यापर्यंत कधी पोहोचलीच नव्हती.

*

दहाला पाच मिनिटं कमी असताना स्टेजच्या कडेला उभ्या असलेल्या एकाने घड्याळ दाखवलं. लोक ओरडत होते, अजून एक, अजून एक. गाणाऱ्याने हात जोडले, करताल खाली ठेवले. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर लावता येत नाही, हा ध्वनिप्रदूषणाचा २००० सालचा नियम. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवू शकतं. एरवी दहा म्हणजे दहा.

या नियमावर रागावणारे रसिक मला माहीत आहेत. गिरगावात गणपतीत रस्त्यावर मांडव घालून रात्रभर मैफली चालायच्या, त्याच्या आठवणी घरोघरी सांगतात. उत्तररात्रीचा मालकंस आता उघड्यावर त्याच्या वेळेला ऐकता येत नाही, हे खरंच आहे. पण मी अशा घरात वाढले जिथे सकाळी साडेसहाला दाराची बेल वाजायची आणि खिडकीखाली उत्सवाचे स्पीकर लागायचे. दहाची वेळ पाळली गेली तर कुठल्या तरी घरातली बाई झोपते. त्यामुळे मला त्या घड्याळ दाखवणाऱ्या माणसाचा राग आला नाही. फक्त ते वीस मिनिटांचं भजन पावणेदहाला संपलं, सव्वादहाला नाही, याबद्दल बरं वाटलं. अर्ध्यात तोडावं लागलं असतं तर आईला त्याचं काहीच वाटलं नसतं. वाईट मला वाटलं असतं.

विनामूल्य म्हणजे कुणी पैसे भरलेच नाहीत असं नाही. स्टेजचे, दिव्यांचे, त्या पाच जणांच्या प्रवासाचे, मैदान झाडणाऱ्यांचे पैसे कुठून तरी येतात. प्रायोजकांचे बोर्ड आजूबाजूला होतेच. माझ्या क्षेत्रात म्हणतात की वस्तू फुकट असेल तर विकली जाणारी वस्तू तुम्हीच असता. ॲपच्या बाबतीत मी ते मानते. माझं ॲप मला जे आधीच आवडतं त्याच्यासारखंच पुढचं सुचवतं, आणि मी किती सेकंद थांबले ते लिहून ठेवतं. त्या मैदानात आई किती वेळ थांबली हे कुणी मोजलं नाही. तिला काय आवडेल याचा कुणी अंदाज बांधला नव्हता. तिला ड्रमही मिळाले आणि कबीरही, आणि दोन्हींपैकी काहीही नाकारायची मोकळीक होती.

*

परतीच्या गाडीत लेडीज डबा अर्धा रिकामा होता, दारात रात्रीचा पोलीस. आईने डब्यातली पोळी-भाजी काढली. गर्दीत खाल्लं तर बरं दिसत नाही म्हणून तिने ती तशीच ठेवली होती. मग पाण्याची बाटली काढून निम्मी एका दमात संपवली.

मी विचारलं, "कसं वाटलं?" आई म्हणाली, "पहिल्या पोरांनी आवाज जरा कमी ठेवला असता तर त्यांचंही कळलं असतं." आणि घाटकोपर गेल्यावर, "ते शेवटचं कडवं तुला आलं का गं लक्षात? मला अर्धंच आठवतंय." मी फोनवर शोधून तिला वाचून दाखवलं. तिने ते दोनदा म्हटलं. समोरच्या बाकावरची एक बाई झोपता झोपता डोळे उघडून ऐकत होती.

पुढच्या शनिवारी माझ्याकडे रिलीज होतं, मी लॅपटॉपसमोर होते. महोत्सव अजून चालू होता. आई मला न विचारता खालच्या मजल्यावरच्या दोन काकूंना घेऊन गेली. त्या दोघींची पोरंही एकेकाळी आमच्याच बाहेरच्या खोलीत वाढली आहेत. आदल्या रात्री आईने त्यांना पाठवलेला मेसेज मला नंतर दिसला. त्यात कलाकारांची नावं नव्हती. त्यात होतं : जाताना फास्ट पकडायची. स्टेशनवरच बाथरूमला जाऊन घ्यायचं, मैदानातही आहे. पाणी पीत राहा. उन्हाचं लवकर पोहोचू नका. परतीची गाडी दहानंतर मिळते. खुर्च्या मधल्या रांगेत असतात, बसायचं, कुणी उठवत नाही.